मृत्यू वाढले म्हणजे आजार वाढला का? आधी वयाचा हिशेब मांडा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी ‘लोकसंख्येतले बदल आणि आजारांचं बदलतं स्वरूप’ हा विषय घेतलाय. वीस वर्षांच्या मृत्युनोंदी मिळाल्या आहेत. या काळात हृदयविकाराचे मृत्यू दीडपटीच्या पुढे गेले, जुलाब आणि गोवराचे जवळपास संपले. जन्मदर निम्म्यावर आला, तरुण मंडळी कामासाठी बाहेर पडली. गाइड म्हणतात, ‘एपिडेमिऑलॉजिकल ट्रान्झिशनचा तिसरा टप्पा’ (समाजातल्या आजारांचं स्वरूप टप्प्याटप्प्याने बदलतं, या मांडणीतला) असं लिहा आणि मोकळे व्हा. पण व्हायव्हाला कुणी ‘कशावरून?’ असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तुमच्या हातातल्या आकड्यांवरून आज एवढंच म्हणता येतं की हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्या वाढली. त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एकूण माणसं वाढली असतील, माणसांमध्ये वयस्कांचं प्रमाण वाढलं असेल, किंवा त्याच वयाच्या माणसाला असलेला धोका वाढला असेल. पहिल्या दोन लोकसंख्येच्या गोष्टी आहेत, आजाराची फक्त तिसरी. या तिन्ही सुट्या केल्याशिवाय टप्प्याचं नाव लिहू नका.

हे किती फसवं असतं ते एका काल्पनिक उदाहरणात बघा. समजा, पहिल्या वर्षी लोकसंख्या १,००,००० आहे. चाळिशीच्या आतले ७०,०००, चाळीस ते एकोणसाठ वयाचे २०,००० आणि साठ व त्यापुढचे १०,०००. हृदयविकाराचे मृत्यू अनुक्रमे ७, ४० आणि १५०, म्हणजे एकूण १९७. वीस वर्षांनी लोकसंख्या १,२०,००० झाली. त्याच क्रमाने गट ६२,५००, ३७,५०० आणि २०,०००. मृत्यू ५, ६० आणि २६०, एकूण ३२५. मृत्यू ६५ टक्क्यांनी वाढले. लाखामागचा ढोबळ दर १९७ वरून २७१ वर गेला, म्हणजे लोकसंख्येने भागल्यावरही ३७ टक्के वाढ उरली. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘आजार फोफावला’ असा निष्कर्ष काढतात.

आता गटागटाचा दर काढा. चाळिशीच्या आत लाखामागे १० चा ८ झाला, मधल्या गटात २०० चा १६० आणि ज्येष्ठांत १,५०० चा १,३००. तिन्ही गटांत धोका घटला आहे! वाढलेली आहे ती ज्येष्ठांची संख्या, आणि त्यांचा दर मुळातच इतरांच्या कैक पट असल्याने एकूण आकडा वर गेला.

हे एका आकड्यात दाखवायचं असेल तर वय-प्रमाणित दर काढा. दुसऱ्या वर्षाचे गटवार दर पहिल्या वर्षाच्या लोकसंख्येला लावा. ७०,००० ला ८ च्या दराने ५.६, २०,००० ला १६० च्या दराने ३२, १०,००० ला १,३०० च्या दराने १३०. बेरीज १६७.६. म्हणजे वयरचना तीच राहिली असती तर दर १९७ वरून १६८ च्या आसपास, सुमारे १५ टक्क्यांनी उतरला असता.

तुमच्या विषयाला याच्याही पुढची एक पायरी हवी, कारण लोकसंख्येच्या बदलाने नेमका किती फरक पडला हाच तुमचा प्रश्न आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हलिन किटागावा यांनी १९५५ मध्ये त्याची पद्धत मांडली. ढोबळ दरातला फरक दोन भागांत विभागायचा. वयरचनेचा भाग काढताना प्रत्येक गटाच्या लोकसंख्येतल्या वाट्यातला बदल घ्यायचा आणि त्याला दोन्ही वर्षांच्या दरांच्या सरासरीने गुणायचं. धोक्याचा भाग काढताना उलट करायचं, दरातला बदल गुणिले दोन्ही वर्षांच्या वाट्यांची सरासरी. वरच्या उदाहरणात वयरचनेने लाखामागे सुमारे ११२ ची भर घातली आणि धोका कमी झाल्याने ३८ ची घट झाली. निव्वळ वाढ ७४, जी २७१ वजा १९७ शी जुळते. ही बेरीज जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी वाट्याऐवजी टक्के किंवा लाखाऐवजी हजार शिरलेले असतात. तुमच्या प्रबंधाचा कणा म्हणजे हे एक कोष्टक, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये ते बसतं.

प्रत्यक्षात तीन गट पुरत नाहीत. पाच-पाच वर्षांचे गट घ्या, ०–४ पासून ८०–८४ पर्यंत आणि शेवटी ८५ व त्यापुढे, असे अठरा. जमलं तर शून्य वयाची बाळं वेगळी काढा. ‘साठीच्या पुढे’ असा एकच मोठा गट ठेवलात तर त्या गटाच्या आतलं वार्धक्य लपतं. त्यात साठीतले कमी आणि ऐंशीतले जास्त झाले, की प्रत्येक वयाचा धोका जैसे थे असूनही गटाचा दर चढतो. प्रमाणित करण्यासाठी कोणती लोकसंख्या आधाराला घेतली ते कोष्टकाखाली स्पष्ट लिहा. तुमच्याच दोन वर्षांची तुलना असेल तर पहिलं वर्ष किंवा दोन्हींची सरासरी चालते. इतर देशांशी तुलना करायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २००१ साली प्रसिद्ध झालेली जागतिक प्रमाण लोकसंख्या घ्या. जुन्या कर्करोग नोंदवह्यांत सेगी या जपानी संशोधकाची जागतिक प्रमाण लोकसंख्या दिसते. ती तरुण वयाकडे झुकलेली आहे, त्यामुळे म्हातारपणच्या आजारांचे दर तिच्यावर कमी दिसतात. दोन वेगळ्या आधारांवरचे दर एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं साफ चूक.

आता छेद, म्हणजे मृत्यूंना ज्याने भागतो ती लोकसंख्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मृत्यू दरवर्षी नोंदले जातात, पण लोकसंख्या मोजली जाते दहा वर्षांतून एकदा. मधल्या आणि नंतरच्या वर्षांसाठी आपण अंदाज लावतो. एकूण लोकसंख्या २० टक्क्यांनी वाढली म्हणून सगळ्या वयोगटांना सरसकट २० टक्के वाढ लावण्याची सवय फार पसरलेली आहे. वरच्या उदाहरणात तसं केलं तर दुसऱ्या वर्षीचे ज्येष्ठ १२,००० येतात, खरे आहेत २०,०००. मग २६० मृत्यू भागिले १२,०००, म्हणजे लाखामागे २,१६७. खरा दर १,३००. घटलेला धोका वाढलेला दिसायला लागला, तोही छेदाच्या एका चुकीने. म्हणून प्रत्येक वयोगटाचा वाढीचा वेग स्वतंत्र काढा, आणि शक्य तिथे ज्या वर्षी जनगणना झाली त्याच्या आसपासचीच वर्षं तुलनेला घ्या. जनगणनेचं वर्ष, त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशा तीन वर्षांच्या मृत्यूंची सरासरी घेतली की एखाद्या वर्षीच्या उष्णतेच्या लाटेचा किंवा साथीचा झटकाही मवाळ होतो.

तरुण बाहेर गेले असं तुम्ही लिहिलंय. ते नुसतं वाक्य म्हणून ठेवू नका, मोजा. दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन जनगणना घ्या. पहिल्या गणनेत १०–१४ वयाचे असतील ते दुसऱ्या गणनेत २०–२४ चे असणार. समजा, पहिल्या वेळी ते ४,००० होते आणि आयुर्मान कोष्टकाप्रमाणे (कोणत्या वयाचे किती जण पुढे जगतात ते दाखवणारा तक्ता) त्या वयात दहा वर्षं जगण्याची शक्यता ०.९८५ आहे. मग ३,९४० दिसायला हवेत. दिसले २,९००. उरलेले १,०४० हे निव्वळ स्थलांतर. स्त्री-पुरुष वेगळे काढा, चित्र बहुधा वेगळंच निघेल.

स्थलांतराचा दुसरा परिणाम आकड्यात चटकन दिसत नाही. बाहेर पडतात ते सरासरीपेक्षा धडधाकट असतात, आणि आजारी पडल्यावर बरेच जण मूळ गावी परततात. त्यामुळे पाठवणाऱ्या भागाचे दर आहेत त्याहून वाईट आणि स्वीकारणाऱ्या शहराचे आहेत त्याहून चांगले दिसू शकतात. त्यातच मृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते की मृताच्या कायमच्या पत्त्यावर, यावर सगळं अवलंबून असतं. मोठं रुग्णालय असलेल्या शहरात आजूबाजूच्या भागातले मृत्यू नोंदले जातात, पण ती माणसं त्या शहराच्या लोकसंख्येत नसतात. अंश एकीकडचा आणि छेद दुसरीकडचा, तर त्या दराला अर्थ उरत नाही. नोंदीत ‘मृत्यूचं ठिकाण’ आणि ‘राहण्याचं ठिकाण’ असे दोन रकाने आहेत का, हे आधी बघा आणि राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे वर्गवारी करा.

वय सांगताना लोक ० आणि ५ ने संपणारा आकडा सांगतात, हेही तपासावं लागतं. त्यासाठी व्हिपल निर्देशांक पुरतो. २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी ज्यांचं वय ० किंवा ५ ने संपतं त्यांची बेरीज करा, त्याला त्याच वयांच्या एकूण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाने भागा आणि १०० ने गुणा. १०० आलं तर वयं नीट नोंदली गेलीत, १७५ च्या वर गेलं तर नोंद अगदी ढिसाळ समजली जाते. जनगणनेत वय एका तऱ्हेने गोळाबेरीज केलेलं आणि मृत्युदाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, असं असेल तर म्हाताऱ्या वयातले दर बेभरवशाचे होतात. तशा वेळी पाचाऐवजी दहा वर्षांचे गट करा आणि तसं केल्याचं लिहा.

अंशाकडे, म्हणजे मृत्यूंच्या आकड्याकडे वळू या. मृत्यूचं कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ किंवा ‘वार्धक्य’ असं लिहिलेलं असेल तर ते कारणच नाही. हृदय शेवटी प्रत्येकाचं बंद पडतं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार व मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, अशा नोंदी आय४६, आर५४, आर९९ या संकेतांकांखाली जातात. प्रत्येक वर्षी एकूण मृत्यूंपैकी किती टक्के या टोपलीत पडलेत त्याचा आलेख सगळ्यात आधी काढा. पूर्वी ३० टक्के ‘वार्धक्य’ होतं आणि आता १० टक्के आहे, असं दिसलं तर हृदयविकारातली बरीचशी ‘वाढ’ ही दाखले नीट भरले जाऊ लागल्याची खूण असेल. आयसीडीची आवृत्ती मध्येच बदलली असेल तर त्या वर्षी आलेखात एक पायरी दिसते. उभी रेघ मारून ते वर्ष दाखवा.

आणि टक्केवारीपासून सावध राहा. ‘एकूण मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा इतका झाला’ हे वाक्य वर्तमानपत्राला ठीक. जुलाब-गोवराने मुलं मरायची थांबली की बाकी सगळ्या कारणांचा वाटा आपोआप वाढतो, त्यांच्या दरात तसूभर बदल न होता.

इथपर्यंतचं सगळं म्हातारपणाच्या बाजूचं झालं. जन्मदराचा परिणाम मात्र बहुतेक प्रबंधांत येतच नाही, आणि आमच्या मते तुमच्या विषयातला सगळ्यात रंजक भाग तोच आहे. एकदा होऊन कायमची प्रतिकारशक्ती देणारे आजार, म्हणजे गोवर किंवा रुबेला, नव्या जन्मांवर जगतात. लागण होऊ शकणारी नवी मुलं येण्याचा वेग मंदावला की साथींमधलं अंतर वाढतं आणि लागण होण्याचं सरासरी वय वर सरकतं. ढोबळ हिशेब सोपा आहे. १,००० भागिले जन्मदर, आणि त्याला लागणीच्या सरासरी वयाने भागलं, की एका रुग्णाकडून पूर्णपणे असुरक्षित समाजात सरासरी किती जणांना लागण होईल तो आकडा येतो. जन्मदर हजारी ४० आणि लागणीचं वय ५ असेल तर २५ भागिले ५, म्हणजे ५. लोकांचा आपसातला संपर्क तसाच राहिला आणि जन्मदर २० वर आला, तर ५० भागिले ५, म्हणजे लागणीचं सरासरी वय १०. लस नसतानाही ते दुप्पट झालं.

आता निम्म्याच बाळांना लस दिली असं धरा. सरासरी वय आणखी १ भागिले ०.५ पटीने वाढतं, म्हणजे २० वर्षं. रुबेला लहानपणी किरकोळ पुरळ उठवून जातो, पण गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर गर्भाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत असतो. एकूण रुग्ण घटतात आणि तरीही जन्मजात रुबेलाची बाळं वाढू शकतात, ती अशी. ग्रीसमध्ये १९९३ साली हेच घडलं. तिथे लस अनेक वर्षं दिली जात होती, पण व्याप्ती निम्म्याहून कमी राहिली होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षं सांगत होती की ८० टक्के व्याप्ती टिकवता येत असेल तरच ही लस नेहमीच्या लसीकरणात आणा. हा हिशेब सगळे एकमेकांत सारखेच मिसळतात असं धरून केलेला आहे, त्यामुळे प्रबंधात तो दिशा दाखवण्यापुरता वापरा. पण तुमच्याकडच्या गोवराच्या रुग्णांचं मध्यक वय दर पाच वर्षांनी काढून बघाच. रुग्णसंख्या कोसळली तरी वय काय करतंय हे त्यातून कळतं, आणि लसीकरण विभागालाही ते हवं असतं.

पिढीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. साल वजा वय म्हणजे जन्मसाल, त्यामुळे वय, काळ आणि पिढी या तिघांचे परिणाम गणिताने पूर्ण सुटे करता येत नाहीत. कोणी सॉफ्टवेअरने केले म्हटलं तर त्याने आत कोणतं गृहीतक घातलं ते विचारा. तरीही चित्र काढून बघण्यात मोठा फायदा आहे. वयोगटवार दर सालाऐवजी जन्मसालापुढे मांडा. फुफ्फुसाचा कर्करोग धूम्रपानाच्या मागे वीस-तीस वर्षांनी येतो, म्हणून त्याची रेघ कोणत्या पिढीने विडी-सिगारेट उचलली ते दाखवते. नेदरलँड्समधल्या १९४४–४५ च्या उपासमारीत आईच्या पोटात असलेल्यांमध्ये पन्नाशीत ग्लुकोज पचवण्याची क्षमता कमी आढळली. आजचा आकडा कधीकधी अर्ध्या शतकापूर्वीचा असतो.

राहिला प्रश्न गाइडच्या वाक्याचा. अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्ये एपिडेमिऑलॉजिकल ट्रान्झिशनचे तीन टप्पे मांडले: साथी आणि दुष्काळ, मग ओसरणाऱ्या साथी, मग झीज होण्याचे व मानवनिर्मित आजार. १९८६ मध्ये ओल्शान्स्की आणि ऑल्ट यांनी चौथा जोडला, ज्यात झिजेचे तेच आजार उतारवयात आणखी पुढे ढकलले जातात. हे वर्णन म्हणून उपयोगी आहे, कारण म्हणून नाही. ‘हृदयविकार वाढला कारण तिसरा टप्पा आला’ हे वाक्य वर्तुळात फिरतं. शिवाय गाडी नेहमी पुढेच जाते असंही नाही. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९४ पर्यंत रशियातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ च्या खाली घसरलं, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात एचआयव्हीने कित्येक वर्षांची कमाई पुसली. गाइडचं वाक्य खोडू नका. प्रकरणाच्या शेवटी ठेवा आणि त्याआधी तुमचं किटागावा कोष्टक द्या. त्यात वयस्कर गटांत दर उतरताना दिसले तर ते चौथ्या टप्प्याशी जास्त जुळेल, हेही गाइडना दाखवा. गाइडना ते आवडेलच.

मृत्यूंबरोबर रुग्णसंख्याही वापरणार असाल तर ध्यानात ठेवा की आजारी असलेल्यांची संख्या साधारण नवे रुग्ण गुणिले आजाराचा कालावधी इतकी असते. उपचार सुधारून मधुमेही जास्त जगले की मधुमेहींचं प्रमाण वाढतं, आणि ती चांगली बातमी असते. तपासण्या वाढल्यानेही नवे रुग्ण वाढतात. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉइड कर्करोगाचे निदान पंधरा पट झालं, मृत्युदर मात्र जवळपास तिथेच राहिला.

शेवटी लहान आकड्यांबद्दल. कोष्टकाच्या एखाद्या चौकटीत २५ मृत्यू असतील तर निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणजे १० इतका असतो. १५ ते ३५ च्या मधलं काहीही त्याच धोक्याशी सुसंगत आहे. २० हून कमी मृत्यूंवर दर काढायचं टाळा. वर्षं एकत्र करा किंवा गट मोठे करा. तेही जमत नसेल तर उलट पद्धत घ्या. मोठ्या प्रदेशाचे गटवार दर तुमच्या लोकसंख्येला लावून अपेक्षित मृत्यू काढा आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागा. हे गुणोत्तर त्या मोठ्या प्रदेशाशी तुलना करायला ठीक, पण दोन लहान भागांची अशी गुणोत्तरं आपसात ताडून बघू नका. प्रत्येकात वजन त्या-त्या भागाच्या वयरचनेचं असतं.

या आठवड्यात नोंदणी कार्यालयाकडे लेखी मागणी करा. हवेत ते रकाने: मृत्यूची तारीख, पूर्ण वर्षांत वय, लिंग, राहण्याचं ठिकाण, मृत्यूचं ठिकाण, मूळ कारणाचा आयसीडी संकेतांक, कारण डॉक्टरने प्रमाणित केलं की नाही, आणि नोंदणीची तारीख. नावं आणि पत्ते मागू नका, एथिक्स कमिटीची मंजुरी त्याने सुकर होते. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांतलं अंतर वर्षागणिक मांडा. शेवटच्या एक-दोन वर्षांच्या उशिरा येणाऱ्या नोंदी अजून आलेल्या नसतात, आणि तुमच्या आलेखाच्या टोकाला दिसणारी घट बहुतेक वेळा तीच असते. ती वर्षं विश्लेषणातून वगळा.